मागच्या खिडकीचा चहा

नेरूळ गाव,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय संघा,

नमस्कार, आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना जयभीम.

फोन सोडून पत्र का, ते आधी सांगते. येत्या शुक्रवारी मला एका कागदावर सही करायची आहे. ‘आमच्या ऑफिसचे काम सध्या अमुक पद्धतीने चालते’ असे त्यात लिहिलेले आहे. ते ऑफिस मी इतकी वर्षे चालवते आणि ते कसे चालते हे मलाच माहीत नाही, असे शनिवारी लक्षात आले. फोनवर सांगायला घेतले असते तर पहिल्याच वाक्याला तू ‘सुचे, नीट सांग’ म्हणाली असतीस. नीटच सांगायचे आहे, म्हणून लिहिते.

तुझा गुडघा कसा आहे? नागपूरला थंडी पडली असेल. इकडे अजून पंखा लागतो. आमच्या गोजराने, म्हणजे हरेशच्या बायकोने, दिवाळे गावच्या कोळणीकडून तुझ्यासाठी कोलंबीचे सोडे आणून ठेवले आहेत. नागपूरला जाणारे कोणी मिळाले की पाठवीन. वास सुटू नये म्हणून तीन पिशव्यांत बांधायला सांगितले आहे.

तू कळंबोलीचे यार्ड पाहिलेस त्याला फार वर्षे झाली, म्हणून थोडे सांगते. बाबांनी शेती गेल्यावर घेतलेल्या एका ट्रकचे आता बरेच ट्रेलर झाले. पाटीवर अजून ‘हिरामण अँड सन्स’ आहे. सन एकच, हरेश. तो बाहेरचे पाहतो, ऑफिस मी पाहते. काम साधे आहे. लोखंडबाजारातला व्यापारी फोन करतो, आम्ही गाडी लावतो. रिकामी गाडी काट्यावर वजन करून येते, दादू मुकादमाची माणसे क्रेनने माल चढवतात, भरलेली गाडी पुन्हा काट्यावर जाते. मग ड्रायव्हर पावती घेऊन माझ्या टेबलाशी येतो आणि मी बिल्टी लिहिते. माल कुणाचा, कुठे जायचा, वजन किती, गाडी कोणती. सगळे ताडून पाहते, सही करते, शिक्का मारते. सही झाली की गाडी सुटली. त्यापुढे काही नाही. झोपेतून उठवून विचारले असते तरी मी हेच सांगितले असते.

हरेशचा मुलगा प्रणय म्हणाला, आत्या, आता हे सगळे कॉम्प्युटरवर घेऊ. त्याची बायको भाविका बिले कॉम्प्युटरवर करतेच, बिल्टी मात्र अजून माझ्या हाताची, कार्बन घालून. मी विरोध केला नाही. मला जुनाट म्हणवून घ्यायची हौस नाही.

तर दिवाळी झाल्यावर त्या कॉम्प्युटर कंपनीने मिताली नावाची मुलगी पाठवली. मला वाटले ती मशीन घेऊन येईल. ती वही घेऊन आली. तिचे काम नवी पद्धत बसवण्याचे नाही, त्याआधी जुनी पद्धत काय आहे ते शोधण्याचे. मी म्हटले, “शोधायची कशाला? हरवली आहे का? मी सांगते, तू लिही.”

“ताई, तुम्ही सांगालच,” ती म्हणाली. “पण मला सगळ्यांना विचारावं लागतं. आणि बघावंही लागतं.”

आधी तिने जुने कागद चाळले. मग एकेकाला गाठून विचारले. मग छापील प्रश्नांचे कागद वाटले. दादूला लिहायचा कंटाळा, म्हणून त्याची उत्तरे तिनेच लिहून घेतली. मी शेजारीच होते. कामाची माहिती कुठून मिळते? “वरून.” वरून म्हणजे कोणाकडून? “वरून म्हंजे वरून. क्रेनवाला कुठं बसतो, खाली?” काम करताना कोणती अडचण येते? दादूने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “हाय एक. पन ती समोरच बसलीय.” सगळे हसले. मीही हसले असते, पण मग उद्यापासून कोणी ऐकले नसते.

कागद झाले, विचारणे झाले, तर ती माझ्या दाराशी स्टूल टाकून बसली. नुसती. बघत. बघणे हेही कोणाचे काम असू शकते, हे मला पटेना. आमच्यापैकी कोणी असे बसलेले दिसले असते तर मी हातात झाडू दिला असता.

शनिवारी दुपारी ती म्हणाली, “ताई, एक गोष्ट जुळत नाहीये. शेवटची तपासणी कोण करतं या प्रश्नाला सगळ्यांनी तुमचं नाव लिहिलंय.”

“मीच करते.”

“हो. पण तुमची सही झाल्यावर प्रत्येक ड्रायव्हर मागच्या खिडकीवर का जातो?”

“चहाला.” मी म्हटले. ते तर माझे रोजचे भांडण आहे. कागद हातात पडला की सरळ निघावे, तर नाही, यांना चहा हवा. मी खिडकीतून ओरडते, ‘गाडी काय चहावर चालते का रे?’ प्रितेश म्हणून एक चुणचुणीत ड्रायव्हर आहे, तो दात काढत म्हणतो, ‘ताई, एक घोट.’

मितालीने वही मिटली. मग म्हणाली, “ताई, मागच्या खिडकीत चहा नसतो. तिथे भाविकामॅडम बसतात.”

मी म्हटले, मग बिलासाठी जात असतील. पण बिल तर गाडी पोचल्यावर होते. हे मला माहीत आहे. तरी मी तसे म्हटले.

तेव्हापासून डोके जागेवर नाही. आज इतकेच पुरे. गोजरा जेवायला बोलावते आहे.

गुरुवार

परवाचे पत्र बंद केले नव्हते, त्यालाच जोडून लिहिते. तुझ्या गुडघ्याचे विचारायचे राहिलेच. दुखणे कमी आहे का? मालिश करवून घेतेस का?

सोमवारी मी काय केले ते मंगळवारी लिहिले नाही. लिहवत नव्हते. सोमवारी मी प्रितेशच्या बिल्टीवर सही केली, तो निघाला आणि मी त्याच्या मागोमाग इमारतीला वळसा घालून गेले. आयुष्यात पहिल्यांदा. भाविकाने खिडकीतून त्याचा कागद घेतला, समोरच्या कॉम्प्युटरशी ताडून पाहिला, मान हलवली आणि परत दिला. रोजचीच सवय असल्यासारखे. प्रितेश वळला तर समोर मी. त्याचा चेहरा असा झाला की जणू चोरी त्यानेच केली आहे.

“ताई, चहा...” तो म्हणाला.

“कप कुठे आहे?” मी विचारले.

बिचारा रिकाम्या हाताकडे बघत राहिला.

भाविकाला मी तिथे काहीही विचारले नाही. नोकरमाणसांसमोर घरचे बोलू नये. घरी आल्यावर हरेशला विचारले. तुला हरेश माहीत आहे, बोलायला लागला की शेजारचे खिडक्या लावतात. तो ताटातल्या भाताचे ढीग करत बसला. गोजरा मध्येच म्हणाली, “बाय, आदी जेव तू. बोलू मंग.”

मी म्हटले, आधी बोलणे.

शेवटी तीच बोलली. “गनपतीच्या आदी तू एक गारी सांगलीला धारलीस, बाय. मानूस नाशकाला वाट बगत बसला व्हता.”

“मी?”

“तुजीच सही व्हती. आनि ती काय पयली नाय. होली जाल्यापासून चाल्लंय. भाविका बगते, बदलते. मोटी चूक ती येकच निसटली.”

मी म्हटले, असे होणे शक्य नाही. संघा, मी खरोखर आठवून पाहिले. सांगलीची गाडी मला आठवत नाही, नाशिकचीही आठवत नाही. नसेल आठवत, रोज इतक्या गाड्या जातात, प्रत्येक कुणाला आठवते? पण चुकले हे तरी कोणी सांगायचे!

तेव्हा हरेशला कंठ फुटला. “तुला कोन सांगनार? तुज्यासमोर उबा राहायची कोनाची टाप हाय? मी सांगू? मी अजून तुज्यासमोर बिडी वडत नाय!”

त्याला नातवंडे व्हायची वेळ आली आहे, आणि हे खरे आहे.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली आणि प्रत्येक गोष्टीने गोंधळ वाढतच गेला. आमच्याकडे शिस्त आहे. गाडी लागली की ड्रायव्हर दारातून मोठ्याने सांगतो, ‘ताई, नाशिक, प्लेटा, पाटणकरशेठ.’ भरली की पुन्हा सांगतो. टेबलाशी आला की तिसऱ्यांदा. ही शिस्त मी लावली असे मी सगळ्यांना सांगत आले. मितालीच्या कागदावर तिने लिहिले आहे, ‘एकच माहिती तीनदा सांगितली जाते, नव्या पद्धतीत हे टाळता येईल.’ भाविकाला विचारले तर म्हणाली, हे यार्डातल्या लोकांनीच होळीनंतर सुरू केले, माझ्या कानावर पडत राहावे म्हणून. आता तूच सांग, मी लावलेली शिस्त कोणती आणि माझ्याभोवती लावलेली कोणती? भिंतीवर मोठ्या अक्षरांत गावांची नावे लावलेली आहेत, ती कुणासाठी? मी समजत होते नव्या पोरांसाठी. दादू रोज सकाळी ‘आज गुरवार, ताई’ म्हणत आत येतो, ते दत्ताचा वार म्हणून, की मला वार कळावा म्हणून? तो सोमवारीही सांगतो, हे आज लक्षात आले.

सगळे यार्ड मला सांभाळून चालत होते आणि मी त्यांना सांभाळते आहे अशा तोऱ्यात बसले होते. आणि या सगळ्यांनी छापील प्रश्नाला एकमताने माझे नाव लिहिले. कोणी कोणाशी ठरवलेही नसेल. मला चीड यावी की रडू यावे ते समजत नाही. ही भीती आहे की माया? भीती असेल तर मी वाईट आहे. माया असेल तर मी आजारी आहे. दोन्हीपैकी काय बरे, हे ठरवता येत नाही.

काल मिताली आली. तिलाही तोवर उमगले असावे. पोरगी हुशार आहे, नेरूळच्या सेक्टरांतली आहे, चटचट बोलते, पण काल तिची जीभ अडखळत होती. म्हणाली, “ताई, हवं तर मी ती खिडकी लिहीत नाही. तुमची सही, मग गाडी बाहेर, एवढंच ठेवते. तसंही नवीन सिस्टिममध्ये ते आपोआप चेक होणारच आहे. कोणाला काही कळणार नाही.”

मी तिच्याकडे इतके रोखून पाहिले की ती स्टुलावरून उठली.

खोट्या कागदावर मी कधी सही केली नाही, असे मी जन्मभर सांगत आले. व्यापाऱ्यांना सांगितले, काटेवाल्यांना सांगितले, हरेशला तर वीट येईस्तोवर सांगितले. आणि होळीपासून करते आहे. त्या सह्या न कळता झाल्या. ही कळून होईल.

पण खरे लिहून सही केली तर तो कागद प्रणय वाचणार, कंपनीचे लोक वाचणार. ‘सुचिता भोईर यांच्या सहीनंतर तपासणी करावी लागते.’ हे वाक्य मी मनात म्हणून पाहिले. दुसऱ्या कुणाबद्दल असते तर मीच ते लिहिले असते, आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावरून काढले असते.

संघा, आता जे विचारायचे ते विचारते. यासाठीच पत्र आहे, इतके तू केव्हाच ओळखले असशील. भाऊजी विसरायला लागले हे पहिल्यांदा तुझ्या लक्षात कसे आले? ते जाऊन दोन वर्षे होतील, मी तुला त्यांच्या आजारपणाबद्दल कधी विचारले नाही. घाबरायचे. मला वाटायचे, विचारले की येते. त्यांना तू सांगितलेस का? की तुझ्या घरातही अशी मागची खिडकी होती, आणि ते शेवटपर्यंत समजत राहिले की पेन्शनचे कागद आपणच भरतो? सांगितले असेल तर ते काय म्हणाले? नसेल सांगितले, तर तुला तसे करणे बरोबर वाटले का? खरे सांग. मला बरे वाटावे म्हणून लिहू नकोस. तशी पत्रे मला ओळखता येतात, अजून.

आणि पहिल्यांदा कोणत्या डॉक्टरकडे गेलात तेही लिही. मेंदूचा डॉक्टर की मनाचा? हरेश बेलापूरला कुणाकडे तरी नेतो म्हणतो. कदाचित काहीच नसेल. रक्तातले काही कमी असले तरी असे होते, असे गोजराच्या भाचीने सांगितले. ती नर्स आहे. झोप कमी असली तरी होते. मी झोपते व्यवस्थित.

शुक्रवार, संध्याकाळ

सही केली.

सकाळी मितालीला म्हटले, खिडकी लिही. तीनदा सांगणे लिही. भिंतीवरची गावे लिही. दादूचा वारही लिही. ती म्हणाली, “वार पण?” मी म्हटले, “तू पद्धत शोधायला आलीस ना? मग अर्धी कशाला नेतेस?” तिने लिहिले. वार लिहिताना तिचे डोळे भरले, तेव्हा मी तिला अक्षर नीट काढ म्हणून दटावले.

मग दादूला, प्रितेशला, प्रणयला, भाविकाला टेबलाशी बोलावले. हरेश आपण होऊन आला आणि दाराआड उभा राहिला, जणू तो कोणीच नाही. मी उभी राहून तो कागद वाचून दाखवला. कोणी वर बघेना. मी विचारले, “यात काही चुकले आहे का? आजपर्यंत मी एकटीच तपासत होते, आज तुम्ही तपासा.”

दादू म्हणाला, “ताई, एक चुकलंय. ती अडचन लिवली नाय.”

“कुठली अडचण?”

“समोर बसते ती.”

या वेळी मी हसले. हसू दाबायचे माझ्या लक्षातच राहिले नाही, म्हण. सगळे आधी घाबरले, मग तेही हसले. हरेश दाराआड नाक शिंकरत होता.

नंतर भाविकाला एकटीला थांबवले. तिला म्हटले, “तू इतके दिवस माझ्या सह्या बदलल्यास. घाबरून केलेस की कीव येऊन?”

तिने विचार केला. ही पोर विचार केल्याशिवाय बोलत नाही, म्हणून मला आवडते, पण तसे मी तिला कधी सांगितलेले नाही. म्हणाली, “घाबरूनच, आत्या. यार्डात सगळेच तुम्हाला घाबरतात. पण घाबरायला तुम्ही असाव्यात असंही सगळ्यांना वाटतं. तुम्ही एक दिवस आला नव्हतात, तर ड्रायव्हर खरंच चहा पीत बसले.”

हे भीतीचे उत्तर आहे की मायेचे, मला अजून कळलेले नाही. आता कळून घेण्याचा नाद सोडला आहे. मी तिला सांगितले, सोमवारपासून मागची खिडकी बंद. तुझे टेबल पुढे आण, माझ्या टेबलाला लावून. बिल्टी तू लिहायची, सही तुझी. ड्रायव्हरने तीनदा सांगायचे ते चालू राहील, नवी मशीन आली तरी. मितालीने ते नव्या पद्धतीतही लिहून घेतले आहे. तिच्या साहेबांना विचित्र वाटेल म्हणाली. वाटू दे.

पत्र आता परत वाचले. गुडघा दोनदा विचारला आहे. खोडत नाही. तसाच जाऊ दे, तुलाही खरी पद्धत दिसू दे.

शेवटचे एक काम तुझ्यावर टाकते. सोबत एक पान आहे. त्याच्या तीन प्रती केल्या, एक भाविकाकडे, एक हरेशकडे, एक तुझ्याकडे. तुझ्याकडे का, तर तू यार्डातली नाहीस आणि माझ्या आवाजाला भीत नाहीस. उद्या मी कधी तुला फोन करून म्हटले की संघा, यांनी माझ्या किल्ल्या लुबाडल्या, सुनेने माझी खुर्ची घेतली, तर भाऊजींशी बोलायचीस त्या आवाजात मला हे पान वाचून दाखव. मी भांडेन. वाचत राहा. खालची सही माझी आहे आणि ती कोणीही बदललेली नाही.

सोड्यांचे लक्षात आहे.

या क्षणी पूर्ण शुद्धीत, आणि तेवढ्यापुरती कुणालाही न भिणारी,

तुझी
सुचे

(सोबतचे पान)

आज शुक्रवार, दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ रोजी कळंबोली यार्डाच्या ऑफिसात मी, सुचिता हिरामण भोईर, माझ्या भाच्याची पत्नी सौ. भाविका प्रणय भोईर यांना पुढील गोष्टी माझ्या मर्जीने दिल्या. कोणी मागितल्या नव्हत्या.

ऑफिसच्या कपाटाच्या किल्ल्या, दोन्ही जोड. शिक्का आणि त्याची डबी. कोरी बिल्टीबुके. बिल्टीवर सही करण्याचा अधिकार. व्यापाऱ्यांचे फोन येतात तो मोबाइल, चार्जरसह. माझी खुर्ची दिलेली नाही. तिच्या शेजारी दुसरी ठेवली आहे.

ड्रायव्हरांवर ओरडण्याचे काम पुढील सूचना मिळेपर्यंत माझ्याकडेच राहील.

वरील नोंदीत ‘भाच्याची’ असे लिहिले गेले आहे. प्रणय भाचा की पुतण्या, हे लिहिताना अडले; माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, तेव्हा भाचाच. भाविकाने वाचून बरोबर आहे असे सांगितले. तिचे मानले.

देणार: सुचिता हिरामण भोईर
घेणार: भाविका प्रणय भोईर
साक्षीदार: हरेश हिरामण भोईर, दादू मुकादम

एक प्रत नागपूरला संघप्रिया यांच्याकडे. मी स्वतः परत मागितली, तरी देऊ नये.